ओठ मिटून, पण सावधान

केरळच्या कोट्टायम जिल्ह्यात किडंगूर नावाचे गाव आहे. तिथल्या एनएसएस हायस्कूलमध्ये १९८५ साली तीन भावंडे शिकत होती: एक दहावीत, एक नववीत, एक पाचवीत. सकाळच्या परिपाठात राष्ट्रगीत सुरू झाले की तिघे इतर मुलांसारखीच सावधान उभी राहत, फक्त गात नसत. त्यांच्या थोरल्या बहिणीही याच शाळेत शिकून गेल्या होत्या, त्याही अशाच उभ्या राहत. वर्षानुवर्षे कुणाला त्यात वावगे वाटले नव्हते.

जुलै १९८५ मध्ये एका आमदाराच्या हे लक्षात आले आणि त्याने विधानसभेत प्रश्न उपस्थित केला. चौकशी आयोग नेमला गेला. मुले कायदा पाळणारी आहेत, त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता. तरीही शिक्षण खात्याच्या उपनिरीक्षकाचा आदेश आला आणि २६ जुलैला मुख्याध्यापिकेने तिघांना शाळेतून काढले. सरकारचा निर्णय होईपर्यंत तरी मुलांना वर्गात बसू द्या, अशी वडिलांनी विनंती केली. मुख्याध्यापिकेने हात वर केले.

हे कुटुंब ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचे. देवाखेरीज कुणाचीही आराधना करायची नाही हा त्या पंथाचा नियम, आणि राष्ट्रगीत गाणे हे त्यांच्या लेखी आराधनेतच जमा होते. इथे एक बारकावा आहे आणि उच्च न्यायालयाची गफलत नेमकी त्यावरच झाली. ‘जन गण मन’च्या शब्दांना त्यांची हरकत नव्हतीच. ब्रिटनमधले साक्षीदार ब्रिटनचे राष्ट्रगीत गात नाहीत, अमेरिकेतले अमेरिकेचे. केरळ उच्च न्यायालयाने मात्र राष्ट्रगीताचे शब्द तपासले, त्यांत कुणाच्या धर्मभावनेला धक्का लागेल असे काही सापडले नाही आणि याचिका फेटाळली. आधी एकल न्यायमूर्तींनी, मग खंडपीठाने. सर्वोच्च न्यायालयाने पुढे स्पष्ट सांगितले, की प्रश्न शब्दांचा नव्हताच.

तो निकाल ११ ऑगस्ट १९८६ चा, न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांचा. ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या नावाने तो ओळखला जातो. त्याचा उल्लेख बहुधा सहिष्णुतेवरच्या शेवटच्या वाक्यांसाठी होतो. पण निकालाची खरी ताकद आधीच्या कोरड्या कायदेशीर चाळणीत आहे.

पहिला प्रश्न, गुन्हा घडला का? राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंधक अधिनियम १९७१ चे कलम ३ जाणूनबुजून राष्ट्रगीत गाण्यास प्रतिबंध करणाऱ्याला किंवा ते गाणाऱ्या जमावात व्यत्यय आणणाऱ्याला शिक्षा सांगते: तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. स्वतः गप्प राहणारा या दोन्हींत बसत नाही. दुसरा प्रश्न, गाणे सक्तीचे करणारा काही कायदा आहे का? केरळ सरकारकडे सप्टेंबर १९६१ आणि फेब्रुवारी १९७० ची दोन परिपत्रके होती, पण ती खात्यांतर्गत सूचना. मूलभूत हक्कावर बंधन घालायचे तर कायदा लागतो, साहेबाच्या सहीचे परिपत्रक पुरत नाही. शाळांच्या कार्यालयांत आजही ही गल्लत होते, परिपत्रकालाच कायदा समजले जाते. तिसरा प्रश्न मूलभूत कर्तव्याचा. अनुच्छेद ५१-अ राष्ट्रगीताचा आदर करायला सांगते. आदर उभे राहण्यातून व्यक्त होतो, न गाण्याने अनादर होतो असे म्हणता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचेही स्वातंत्र्य येते. त्यामुळे अनुच्छेद १९ (भाषणस्वातंत्र्य) आणि २५ (धर्मस्वातंत्र्य), दोन्ही मुलांच्या बाजूने उभे राहिले.

श्रद्धा खरी की सबब, हे कसे ठरवायचे? इथे निकालाने मुंबईचा आधार घेतला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात पारशांच्या मुक्ताद विधींसाठी (मृतांच्या आत्म्यांसाठीचे विधी) ठेवलेल्या देणगीचा वाद आला होता. समाजाची श्रद्धा अशी असेल तर न्यायाधीशाने ती मान्य करावी, तिच्यावर निवाडा करत बसू नये, असे न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी तेव्हा लिहिले. १९५४ साली ‘रतिलाल गांधी विरुद्ध मुंबई राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते उचलले आणि तिथून ते केरळच्या मुलांपर्यंत पोचले. (१९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे दावर ते हेच. १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिलेलेही हेच.) म्हणजे न्यायालयाने पाहायचे ते एवढेच, की श्रद्धा प्रामाणिक आहे का. ती आपल्याला पटते का, हे पाहायचे नाही.

याच पंथाची मुले अमेरिकेतही शाळेबाहेर गेली होती. पेनसिल्व्हेनियातल्या मायनर्सव्हिल गावी १९३५ मध्ये दहा आणि बारा वर्षांच्या भावाबहिणीने ध्वजाला सलामी द्यायचे नाकारले. ३ जून १९४० रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी शाळेची बाजू घेतली. त्यानंतर साक्षीदारांवर जमावाचे हल्ले वाढले. तेव्हाची सलामी हात समोर ताठ पसरून द्यायची असे. ती हिटलरच्या सलामीसारखी दिसते हे ध्यानात आल्यावर १९४२ अखेरीस ती बदलून हात छातीवर आणला गेला. आणि १४ जून १९४३ रोजी त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आपलाच निकाल फिरवला. तो दिवस नेमका तिथला ध्वजदिन होता.

आपल्याकडे मात्र हा वाद म्हटला की आधी ‘वंदे मातरम्’ आठवते, आणि तिथली हरकत वेगळ्या जातीची आहे. साक्षीदारांना गाण्याच्या कृतीचेच वावडे. मुसलमानांमधला आक्षेप आशयाला होता: पुढच्या कडव्यांत मातृभूमीची दुर्गारूपात केलेली स्तुती आणि एकेश्वरी श्रद्धा यांचा मेळ बसत नाही. दोन्ही हरकती एकाच पारड्यात टाकल्या की चर्चेचा विचका होतो.

काकीनाड्याच्या १९२३ च्या काँग्रेस अधिवेशनात विष्णु दिगंबर पलुस्कर गायला उभे राहिले तेव्हा अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी हरकत घेतली. पलुस्करांनी गीत पूर्ण केले. ऑक्टोबर १९३७ मध्ये काँग्रेस कार्यसमितीने कलकत्त्याला तोडगा काढला. पहिली दोनच कडवी म्हणावीत, हे त्यातले सर्वांना ठाऊक असते. त्याच ठरावात आयोजकांना त्याजोडीने किंवा त्याऐवजी दुसरे निर्विवाद गीत म्हणण्याची मोकळीक होती, हे सहसा सांगितले जात नाही.

वर्ष उलटते न उलटते तोच निजामाच्या राज्यात उलटा प्रकार घडला. नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत विद्यार्थी प्रार्थनेला ‘वंदे मातरम्’ म्हणत. त्यावर बंदी आली, विद्यार्थ्यांनी संप केला आणि त्यांना काढून टाकण्यात आले. अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला, त्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह रावही होते. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत या संपाच्या आठवणी अभिमानाने सांगितल्या जात. गायले म्हणून काढले ते १९३८ मध्ये, गायले नाही म्हणून काढले ते १९८५ मध्ये. शाळा-कॉलेजने दोन्ही वेळा पाहिले ते विद्यार्थ्याचे तोंड.

२४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत राजेंद्र प्रसाद यांनी निवेदन केले: ‘जन गण मन’ राष्ट्रगीत, ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान. मतदान झाले नाही.

चित्रपटगृहांचा अध्याय अलीकडचा. महाराष्ट्रात २००३ पासून खेळाआधी राष्ट्रगीत वाजते. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने ते देशभर सक्तीचे केले, दारे बंद ठेवायलाही सांगितले. काही दिवसांतच खुलासा करावा लागला, की बंद म्हणजे कडी घालून नव्हे. ९ जानेवारी २०१८ ला ते पुन्हा ऐच्छिक झाले. या सगळ्यात सक्ती होती ती वाजवण्याची आणि सुमारे ५२ सेकंद उभे राहण्याची. प्रेक्षकाने गायलेच पाहिजे असे त्या आदेशातही नव्हते.

उभेच न राहणाऱ्याचे काय, हे मात्र १९८६ च्या निकालात ठरलेले नाही, कारण किडंगूरची मुले रोज उभी राहत होती. ॲरिझोनातल्या एका शाळेत याच पंथाच्या मुलांनी उभे राहायलाही नकार दिला होता आणि १९६३ मध्ये तिथल्या संघराज्य न्यायालयाने त्यांना संरक्षण दिले होते. चिन्नप्पा रेड्डींनी त्या खटल्याचा उल्लेख केला आहे, पण केरळच्या प्रकरणात त्यावर निर्णय देण्याची वेळ आली नाही.