पुळणीवरच्या मागांवरून उभा राहिलेला नकाशा

समुद्री कासवांच्या विणीचे किनारे म्हटले की आजही आधी ओडिशाच आठवतो. गहिरमाथ्याची सामूहिक वीण १९७४ मध्ये शास्त्रज्ञांच्या नजरेस आली आणि त्यानंतर बराच काळ देशाचे लक्ष पूर्व किनाऱ्यावरच खिळून राहिले. कोकणात ऑलिव्ह रिडले या जातीच्या समुद्री कासवाची मादी रात्री एकेकटी येते, भरतीच्या रेषेच्या वर दीड-दोन फुटांचा खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू सारखी करते आणि उजाडण्यापूर्वी समुद्रात परतते; त्यामुळे येथील वीण गावकऱ्यांना ठाऊक असली तरी कागदावर फारशी नव्हती. अंडी मात्र माणसे, कुत्री आणि कोल्हे उकरून नेत.

२००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडाच्या घरट्यांचा शोध घेत असताना त्यांना रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. तेथून गावोगावी घरटी शोधून राखणारे कासवमित्र उभे राहिले आणि पुढे वन विभाग व कांदळवन प्रतिष्ठानही या कामात उतरले.

नोंदीची पद्धत आजही पायी चालण्याचीच आहे. कासवमित्र पहाटे पुळणीवर निघतो आणि पाण्यातून वर आलेला व परत गेलेला माग शोधतो. रिडलेचे वल्ह्यांसारखे पाय आळीपाळीने पडतात, म्हणून माग तिरकस, एकाआड एक उमटतो. जेथे वाळू उलथलेली दिसते तेथे काठीने हलकेच चाचपतात. काठी भुसभुशीत वाळूत सहज शिरली की घरटे सापडते. भरतीच्या पाण्याने माग पुसण्याआधी हे सारे उरकावे लागते. म्हणूनच या नोंदींवरून तयार होणाऱ्या विणीच्या नकाशावर ज्या किनाऱ्यापुढे खूण नाही तेथे कासव येत नाही, असा अर्थ काढणे मला धोक्याचे वाटते. कदाचित तेथे पहाटे कोणी चाललेलेच नसते.

या रिकाम्या जागेची किंमत मोठी आहे. २०११ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने कासवांच्या विणीच्या जागा सर्वाधिक संरक्षित वर्गात घातल्या, परंतु हे संरक्षण लागू होण्यासाठी ती जागा आधी किनारा व्यवस्थापनाच्या आराखड्यात दिसावी लागते.

२०२२ मध्ये वेळास, आंजर्ले आणि गुहागर येथे पाच माद्यांना, त्यांचा समुद्रातला प्रवास कळावा म्हणून, उपग्रह टॅग लावले गेले. पण पायी चालणाऱ्याची गरज संपलेली नाही. ओडिशात पायाला धातूचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. त्या बिल्ल्यावरचा क्रमांक वाचायला तेथे माणूस हजर होता, म्हणूनच ही नोंद झाली.