मेपलची काकवी आणि पसरट काहील

मेपल या उत्तर अमेरिकेतल्या झाडाच्या रसात साखर जेमतेम दोन टक्के. उसाच्या रसात असते त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. अमेरिकेतल्या व्हरमाँट किंवा कॅनडातल्या क्वेबेकमध्ये हिवाळा सरता सरता रात्री पाणी गोठू लागतं आणि दिवसा वितळू लागतं, तेव्हा झाडाला भोक पाडून हा रस बादलीत धरतात. चाखला तर पाणीच प्यायल्यासारखं वाटतं. हा रस आटवून मेपलची काकवी, म्हणजे सिरप करतात, आणि एक लिटर सिरपला असा साधारण ४० लिटर रस लागतो. उरलेलं पाणी, सुमारे ३९ लिटर, उडवायचं.

त्याला आच किती लागेल? ४० लिटर गार रस उकळीला आणायला सुमारे १६ मेगाज्यूल पुरतात, पण पुढे त्या पाण्याची वाफ करायला ८८ लागतात. हे काम गॅसवर केलं आणि निम्मी उष्णता वाया गेली असं धरलं, तर १४.२ किलोच्या आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये फक्त तीनेक लिटर सिरप निघेल. शिवाय ती सगळी वाफ स्वयंपाकघरात कोंडते आणि तिकडच्या घरांत भिंतींना चिकटवलेला कागद सुटून येतो. म्हणून हौशी मंडळी परसात सिमेंटच्या ठोकळ्यांचं चुलवाण रचतात, लाकूड पेटवतात आणि वर पसरट भांडं ठेवतात.

भांडं पसरट का, याचं नेहमीचं उत्तर म्हणजे वाफ सुटायला जागा जास्त मिळते. ते अर्धवट आहे. अंगणातलं डबकं वाळतं तेव्हा उघडा पृष्ठभाग महत्त्वाचा असतो. खळाखळा उकळणाऱ्या रसात मात्र वाफेचे बुडबुडे तळाच्या तापलेल्या पत्र्यावर जन्मतात. त्यामुळे तळातून दर मिनिटाला किती उष्णता आत शिरते, यावर सगळा वेग ठरतो. रुंद तळ जास्त जाळ अंगावर घेतो, एवढंच. चौरस मीटरला तासाला ४० लिटर पाणी उडतं, असा घरगुती बांधणीचा ठोकताळा आहे. म्हणजे ६० बाय ९० सेंटिमीटरच्या भांड्यात तासाला वीसेक लिटर. कारखानदार तळाला खोल पन्हळी पाडतात, तेही जाळाला भिडणारा पत्रा वाढावा म्हणूनच.

मग खोली? तिने वेग फारसा बदलत नाही, रंग बदलतो. रस खोल भरला तर तो तासन् तास आचेवर राहतो आणि सिरप काळपट, उग्र होतं. अडीच ते पाच सेंटिमीटर ठेवतात. पण त्या ६० बाय ९०च्या भांड्यात अडीच सेंटिमीटरच रस असला आणि नवा घालायचं राहिलं, तर चाळीस मिनिटांत तळ कोरडा पडतो. रस त्याच्या बराच आधी करपतो. रस असेपर्यंत पत्रा शंभर अंशांच्या फार वर जात नाही. आटला की पत्रा वाकडा होतो आणि सांध्यांना डाख दिलेला असेल तर तोही वितळतो. जुन्या भांड्यांच्या डाखात शिसं असायचं, जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही खाण्याच्या कामाचा नाही. सांधे वितळवून जोडलेलं स्टेनलेस स्टील बरं. त्याहून सोपं म्हणजे बुफेत जेवण मांडतात ती आयताकृती स्टीलची भांडी ओळीने बसवणं.

गुऱ्हाळात एक आधण उतरलं की दुसरं चढवतात. मेपलचा रस मात्र वाहता ठेवता येतो. भांड्यात पट्ट्या उभ्या करून नागमोडी वाट करतात, पट्टीच्या एका टोकाला फट, पुढच्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला. एकीकडून पातळ रस येतो, आधीच्या दाट रसाला पुढे ढकलतो. गार रस एकदम ओतला तर उकळीच बसते, म्हणून धुराड्याजवळ एका डब्यात तो तापवून बारीक धारेने सोडतात. फेस वर आला तर लोण्याचा एक कण पुरतो.

शेवटचा टप्पा लहान पातेल्यात, घरात. त्या दिवशी साधं पाणी जितक्या अंशाला उकळलं, त्याच्या चारेक अंश वर गेलं की सिरप झालं. हवेचा दाब रोज बदलतो, म्हणून पाण्याची नोंद रोज नवी. तापमापी नसलेला माणूस पळी वर धरतो. कच्चा रस थेंबाथेंबाने गळतो. तयार सिरपचे थेंब पळीच्या कडेला एकमेकांत मिसळतात आणि पातळ पडद्यासारखे लोंबून मग तुटतात. आपला गुळव्या गार पाण्यात पाक टाकून त्याची गोळी वळते का ते बघतो, पण ती परीक्षा गुळाची. इथे काकवीवरच थांबायचं असतं.