आयात उमेदवार (कोल्हापूर जिल्हा)

ज्या मतदारसंघात घर नाही, शेत नाही, भावकी नाही, तिथे पक्षाने बाहेरून आणून उभा केलेला उमेदवार म्हणजे आयात उमेदवार. विरोधक त्याला 'उपरा' म्हणतात. प्रचार तापला की त्याचे 'पार्सल' होते आणि ते परत पाठवण्याच्या घोषणा सुरू होतात. कोल्हापूर जिल्ह्यात लोकसभेच्या निवडणुकीत बाहेरचा माणूस सहसा चालत नाही. इथून बाहेर जाऊन खासदारकी मिळवल्याची उदाहरणे मात्र आहेत. त्यांच्या कारकिर्दी चटकन वर गेल्या आणि बहुतेक तितक्याच चटकन आटोपल्या.

कायद्याची बाजू

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार लोकसभेच्या उमेदवाराचे नाव देशातल्या कोणत्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत असले की पुरते. अनुसूचित जातींसाठी राखीव जागेवर उमेदवार त्या प्रवर्गातला असावा लागतो, पण त्याच राज्याचा असावा असे बंधन नाही. विधानसभेला त्या राज्याचा मतदार असावे लागते. राज्यसभेसाठी पूर्वी राज्यातील रहिवासाची अट होती. ती २००३ च्या दुरुस्तीने गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली. ग्रामपंचायतीला उभे राहायचे तर मात्र नाव गावच्या यादीतच हवे. चंदगडचा माणूस काश्मिरातून खासदार होऊ शकतो, शेजारच्या गावात ग्रामपंचायत सदस्य होऊ शकत नाही.

कोल्हापुरात बाहेरचा का टिकत नाही

'रांगडा', 'स्वाभिमानी' वगैरे विशेषणे लावून हा प्रश्न सोडवण्याची पद्धत आहे. ती पुरेशी नाही. कोल्हापूरला बाहेरच्या माणसाचे वावडे कधीच नव्हते. गानसम्राट अल्लादियाखाँ राजस्थानातून आले आणि १८९५ पासून शाहू महाराजांच्या दरबारात राहिले. खासबागेच्या मैदानात पंजाबी मल्लांना या गावाने डोक्यावर घेतले. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार गंगावेस तालमीत घडले. अडचण येते ती फक्त मताच्या वेळी, आणि तिचे कारण इथल्या राजकारणाच्या बांधणीत आहे.

ही बांधणी पक्षांची नाही, गटांची आहे. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन गट असतात. त्यांची मुळे साखर कारखाना, जिल्हा बँक, बाजार समिती आणि 'गोकुळ' म्हणजे जिल्हा दूध संघ यांत रुतलेली असतात. बिद्री, भोगावती, कुंभी-कासारी, हमीदवाडा, कागलचा शाहू ही नावे बाहेरच्याला कारखान्यांची वाटतात. इथल्याला ती ऐकल्याबरोबर कोणाचे पॅनेल, कोण फुटला आणि कोण पडला ते आठवते. 'गोकुळ'च्या निवडणुकीत सामान्य उत्पादक मत देत नाही. गावच्या दूध संस्थेने ज्याच्या नावाने ठराव केला, तो ठरावधारक मत देतो. म्हणून निवडणुकीच्या आधी खरी लढाई ठराव गोळा करण्याची असते. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला येणारा माणूस, दहा दिवसांनी मिळणारे बिल, संस्थेचा सचिव, त्याचा चेअरमन, चेअरमनचा नेता अशी ही साखळी लोकसभेपर्यंत जाते.

या साखळीला चालवतो तो पैरा. शेतात आज मी तुझ्या नांगरटीला बैल घेऊन येतो, उद्या तू माझ्याकडे ये, हा जुना व्यवहार राजकारणातही चालतो. विधानसभेला मदत केली असेल तर लोकसभेला पैरा फेडायचा, नाही फेडला तर पुढच्या वेळी हिशेब होतो. बाहेरून आलेल्या उमेदवाराचा कोणावरच पैरा नसतो. त्याला प्रत्येक गटाच्या दारात नव्याने उभे राहावे लागते. मोठ्या नेत्याचा हात डोक्यावर असला तर एखादी निवडणूक निघते. पण जोडण्या दुसऱ्याने लावलेल्या असतात, आणि लावणाराच बाजूला झाला तर खासदाराकडे काही उरत नाही.

कोल्हापूर लोकसभा मतदारसंघात आज चंदगड, राधानगरी, कागल, करवीर, कोल्हापूर दक्षिण आणि कोल्हापूर उत्तर असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. १९८० पासून उदयसिंगराव गायकवाड सलग पाच वेळा निवडून आले, त्यानंतर सदाशिवराव मंडलिक चार वेळा. शाहूवाडीचा एक, कागलचा दुसरा. २००९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसने मंडलिकांना डावलून संभाजीराजे छत्रपतींना उमेदवारी दिली. मंडलिक अपक्ष उभे राहिले आणि जिंकले. पक्षाचे चिन्ह आणि गादीचा मान एका बाजूला, गट दुसऱ्या बाजूला, अशी ही लढत होती. २०१९ ला 'आमचं ठरलंय' हे दोन शब्द जिल्हाभर गाजले. काँग्रेसच्या सतेज पाटलांनी आघाडीचे उमेदवार धनंजय महाडिक यांच्याविरुद्ध गटाला दिलेला तो इशारा होता, आणि त्यात पक्षाचे नावही नव्हते. महाडिक पडले, शिवसेनेचे संजय मंडलिक निवडून आले.

शेजारचा हातकणंगले मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत जुन्या इचलकरंजीच्या जागी झाला. त्यात शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी व शिरोळ हे कोल्हापूरचे आणि इस्लामपूर व शिराळा हे सांगलीचे मतदारसंघ आहेत. वारणा नदीपलीकडचा उमेदवारही इथे पुष्कळांना लांबचा वाटतो, मग मुंबई-पुण्याहून आलेल्याची गोष्टच नको.

गादी आणि दत्तक

उपरेपणाचा आरोप किती लांब जाऊ शकतो हे २०२४ मध्ये दिसले. काँग्रेसने शाहू छत्रपतींना उभे केले. त्यांचा जन्म नागपूरकर भोसले घराण्यातला; १९६२ मध्ये शहाजी महाराजांनी त्यांना दत्तक घेतले, तेव्हा कोल्हापुरात या दत्तकविधानाला मोठा विरोध झाला होता. बासष्ट वर्षांनी तोच विषय निघाला. सध्याचे महाराज दत्तक आलेले आहेत, खरा वारसा जनतेचा, अशा आशयाचे विधान प्रतिस्पर्धी संजय मंडलिक यांनी प्रचारात केले. ते त्यांच्याच अंगावर आले. ज्या राजर्षी शाहूंच्या नावाने सारा जिल्हा शपथ घेतो, ते स्वतः कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ मध्ये दत्तक आले होते, ही गोष्ट कागल तालुक्यातल्या उमेदवाराला कोणी आठवून द्यायला नको होती. शाहू छत्रपती दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. विजयाचे श्रेय या एका विधानाला देणे चूक ठरेल. सतेज पाटलांचा गट आणि त्या वर्षीची राज्यातली हवा हीही कारणे होती.

मेनन आणि चव्हाण

महाराष्ट्रातल्या आयात खासदारांत सर्वांत उंच चढून सर्वांत जोरात आपटलेले नाव व्ही. के. कृष्ण मेनन यांचे. त्यांच्या पडण्याशी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या एका पदवीधराचा संबंध आहे, म्हणून त्यांचा उल्लेख इथे करावा लागतो.

कोझिकोडचे मेनन १९२४ मध्ये लंडनला गेले आणि तिथे जवळजवळ तीन दशके राहिले. १९३४ पासून ते लंडनमधल्या सेंट पँक्रसचे नगरसेवक होते. स्कॉटलंडमधल्या डंडी मतदारसंघातून मजूर पक्षाचे उमेदवार म्हणून त्यांची निवडही झाली होती, पण पक्षाने ती पुढे जाऊ दिली नाही. म्हणजे ब्रिटिश संसदेच्या दारातून ते परत फिरले. भारतात त्यांना १९५७ मध्ये उत्तर मुंबईतून उभे करण्यात आले. मल्याळी माणूस, मराठी येत नाही, पण पाठीशी नेहरू. १९६२ मध्ये त्यांनी आचार्य कृपलानींचा मोठ्या फरकाने पराभव केला. त्याच वर्षी चीनचे युद्ध झाले आणि संरक्षणमंत्रिपद गेले. त्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण गेले, आणि 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य जन्माला आले.

चव्हाण तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे. बी. ए. झाले ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून, १९३८ मध्ये. दिल्लीत मंत्री व्हायचे तर खासदार व्हावे लागणार होते, आणि साताऱ्याची जागा मोकळी नव्हती. म्हणून १९६३ मध्ये ते नाशिकच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले आणि बिनविरोध निवडून आले. आयात उमेदवार मेनन गेले, त्यांच्या खुर्चीत बसायला आलेले चव्हाणही नाशिकला आयातच होते. कोणी 'पार्सल' म्हटले नाही. युद्धाचे दिवस होते हे खरे, पण दुसरे कारण असे की चव्हाणांकडे स्वतःचा सातारा होता. १९६७ मध्ये ते तिथे परतले आणि पुढे शेवटपर्यंत तिथलेच खासदार राहिले. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या लाटेतही साताऱ्याने त्यांना सोडले नाही.

मेनन यांना परतायला जागा नव्हती. नेहरू १९६४ मध्ये गेले. १९६७ मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबईत तिकीट नाकारले, उघड कारण ते बाहेरचे म्हणून. दहा वर्षे खासदार राहिलेला माणूस अकराव्या वर्षी बाहेरचा ठरला. ते अपक्ष उभे राहिले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. बर्वे निवडून आल्यावर थोड्याच दिवसांत वारले. पोटनिवडणुकीत मेनन पुन्हा उभे राहिले आणि बर्व्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी त्यांना पुन्हा हरवले. पुढे १९६९ मध्ये बंगालातल्या मिदनापूरहून आणि १९७१ मध्ये तिरुवनंतपुरमहून ते लोकसभेत गेले, पण सत्तेच्या जवळ ते पुन्हा कधी आले नाहीत. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

घाटाखाली : मधु दंडवते

आयात उमेदवार टिकूही शकतो, याचे उदाहरण कोल्हापूरपासून फोंडा घाट उतरला की सापडते. नाथ पै यांचे जानेवारी १९७१ मध्ये अकाली निधन झाले. त्यांच्या राजापूर मतदारसंघात समाजवाद्यांनी मधु दंडवते यांना उभे केले. जन्म अहमदनगरचा, वास्तव्य मुंबईचे, पेशाने प्राध्यापक. कोकणाने त्यांना सलग पाच वेळा निवडून दिले. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांचा फोम बसवायला लावला. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जाणाऱ्या कोल्हापूरकराची पाठही त्यामुळे वाचली, हे सहसा कोणी लक्षात ठेवत नाही. १९९० मध्ये ते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. आणि पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, राजापूरने त्यांना पाडले. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. वीस वर्षे टिकलेली आयात खासदारकी महाराष्ट्रात दुर्मीळच म्हणायची, पण तीही शेवटी एका निवडणुकीत संपली.

कोल्हापूरहून लातूर : जयवंतराव आवळे

जिल्ह्यातून बाहेर 'निर्यात' झालेले ठळक नाव जयवंतराव आवळे यांचे. हातकणंगले तालुक्यातल्या वडगाव या राखीव मतदारसंघातून ते काँग्रेसचे अनेक वर्षे आमदार होते. २००४ मध्ये ही जागा जनसुराज्य शक्ती पक्षाकडे गेली.

२००८ च्या पुनर्रचनेत लातूर लोकसभा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. १९८० ते १९९९ या काळात सात वेळा शिवराज पाटील चाकूरकरांना निवडून देणारी आणि २००४ मध्ये त्यांना पाडणारी ही जागा काँग्रेसला परत हवी होती. विलासराव देशमुखांच्या जिल्ह्यात उमेदवार म्हणून आणले गेले ते कोल्हापूरचे आवळे. लातूरकडून बिराजदारांसारखा मल्ल आला होता, कोल्हापूरकडून खासदार गेला. अंतर तीनशे किलोमीटरहून अधिक, बोलीचा बाज वेगळा. इथे पाण्याने तुडुंब उसाचे रान, तिथे दुष्काळाची झळ. भाजपच्या सुनील गायकवाडांविरुद्ध आवळे सुमारे आठ हजार मतांनी निवडून आले. लातूरच्या मानाने हा विजय काठावरचाच होता.

ऑगस्ट २०१२ मध्ये विलासरावांचे निधन झाले. २०१४ मध्ये काँग्रेसने लातूरचा उमेदवार बदलला आणि दत्तात्रय बनसोडे यांना उभे केले. सुनील गायकवाड अडीच लाखांहून अधिक मतांनी जिंकले. आवळ्यांची लोकसभेतली कारकीर्द एका मुदतीत आटोपली. यात त्यांच्या कामाचा हिशेब किती आणि आधार सुटल्याचा किती, हे मोजता येण्यासारखे नाही. पण विलासरावांशिवाय त्यांचा लातूरशी ऋणानुबंध होता असे म्हणायला जागा नाही. राखीव जागांवर हे जास्त घडते. जागा फिरते, माणूस तिच्यामागे फिरतो, आणि ज्या गावात पोचतो तिथले प्रस्थापित त्याला वापरतात किंवा टाकतात. शेजारच्या सांगली जिल्ह्यातले रामदास आठवले १९९८ मध्ये उत्तर मध्य मुंबईतून, १९९९ व २००४ मध्ये पंढरपुरातून निवडून आले. पुनर्रचनेत पंढरपूर गेले, माढा झाले आणि खुले झाले. २००९ मध्ये ते शिर्डीला गेले आणि शिवसेनेच्या भाऊसाहेब वाकचौरे यांच्याकडून हरले.

विधानसभेचे एक उदाहरण

भुदरगड तालुक्यातल्या खानापूरचे चंद्रकांत पाटील यांना २०१९ मध्ये भाजपने पुण्याच्या कोथरूडमधून उभे केले, तेव्हा 'दूरचा नको, घरचा हवा' असे फलक लागले. ते निवडून आले, आणि २०२४ मध्ये त्याहून बऱ्याच मोठ्या फरकाने पुन्हा आले. कोथरूडमध्ये दूध संघाचे ठराव नाहीत, उसाची बिले नाहीत. तिथला मतदार पक्षाचे चिन्ह पाहतो. शिवाय विधान परिषदेच्या पुणे पदवीधर मतदारसंघातून ते आधीच दोनदा निवडून आले होते, आणि त्या मतदारसंघात पुणे व कोल्हापूर हे दोन्ही जिल्हे येतात.

आवळ्यांचे पुत्र राजू आवळे मात्र बाहेर गेले नाहीत. जुने वडगाव ज्या हातकणंगले विधानसभा मतदारसंघात मिळाले, तिथूनच ते २०१९ मध्ये काँग्रेसचे आमदार झाले. २०२४ मध्ये जनसुराज्यच्या अशोकराव माने यांनी त्यांचा पराभव केला.