पीटीएची कमिटी चिठ्ठ्या टाकून निवडतात: कोण पात्र, कागद काय लागतात आणि ड्रॉच्या दिवशी काय बघायचं

शाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज येतोच, "पीटीएसाठी इच्छुक पालकांनी नावं द्यावीत". बरेच जण वाचून पुढे सरकतात, कारण पीटीए म्हणजे गॅदरिंगला मदत करणं आणि स्पोर्ट्स डेला सरबत वाटणं असंच डोक्यात बसलंय. तसं नाहीये हो. महाराष्ट्रात खाजगी शाळेची पुढची फी किती असावी हे आधी ज्या कमिटीसमोर ठेवावं लागतं ती ह्याच पीटीएची, म्हणजे पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती, त्यामुळे तिच्यात कोण बसतंय आणि ते कसं ठरलं ह्याकडे प्रत्येक पालकाचं लक्ष हवं.

कायदा आहे महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११. अंमलात आला २०१४ मध्ये. स्टेट बोर्ड असो, सीबीएसई असो की आयसीएसई, खाजगी शाळेला तो लागू आहे. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत मुख्याध्यापकांनी पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा असतो. म्हणजे जूनच्या मध्यावर उघडणाऱ्या शाळेत जुलैच्या मध्यापर्यंत, आणि एप्रिलमध्ये वर्ष सुरू करणाऱ्या शाळांत त्याहून आधी.

मेंबर कोण आणि कमिटीत कोण

ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. शाळेत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाचे पालक आणि शाळेतले सगळे शिक्षक हे संघाचे सभासद असतातच, त्यासाठी कोणी निवडून द्यावं लागत नाही. वर्षाची वर्गणी शहरात २० रुपये, ग्रामीण भागात १० रुपये. ह्या सगळ्या सभासदांतून कार्यकारी समिती निघते आणि ती मतदानाने नाही, सोडतीने निघते. चिठ्ठ्या टाकून. अनेक शाळांत अजूनही "कोण तयार आहे? बरं, मग तुम्हीच व्हा" असं करून टाकतात, किंवा क्लास टीचर ओळखीच्या दोन पालकांना फोन करते आणि कमिटी तयार! हे कायद्याला धरून नाही.

समितीची रचना अशी: मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांमधून एक उपाध्यक्ष, शिक्षकांमधून एक सचिव, पालकांमधून दोन सहसचिव, आणि प्रत्येक इयत्तेचा एक पालक व एक शिक्षक सदस्य. पहिली ते दहावीची शाळा धरली तर १० पालक, १० शिक्षक आणि वरचे ५ असे २५ जण होतात. निम्म्या महिला हव्यात, आणि मागासवर्गीय व अल्पसंख्याक पालकांना प्रतिनिधित्व हवं. बऱ्याच शाळांत शिक्षिकाच जास्त असतात, त्यामुळे निम्म्या महिलांचा आकडा कागदावर आपोआप भरतो आणि पालकांच्या बाजूला मात्र सगळे बाबा बसतात. मला हे पटत नाही. पालकांमध्येही निम्म्या आया असाव्यात असं मीटिंगमध्ये सुचवा, आणि कुठल्या इयत्तेत फक्त आयांच्या चिठ्ठ्या टाकायच्या हे डबा उघडायच्या आधी ठरवून घ्या, नंतर नाही. उपाध्यक्ष आणि सहसचिव कसे ठरणार, त्यांचीही चिठ्ठी वेगळी काढणार का, हेसुद्धा आधीच बोलून इतिवृत्तात लिहून घेतलेलं बरं, कारण नावं समोर आल्यावर नियम ठरवायला गेलं की त्याला वास येतो.

कागदपत्रं

फार काही लागत नाही. बहुतेक शाळा एक पानी संमतीपत्र भरून घेतात: मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी, पालकाचं नाव, मोबाईल नंबर, सही. सोबत मुलाच्या आयकार्डची झेरॉक्स आणि वर्गणीची पावती ठेवा. राखीव जागेसाठी नाव देत असाल तर जातीच्या दाखल्याची प्रत लागू शकते. पालक म्हणून आजी-आजोबा किंवा मामा-काका नाव देणार असतील तर शाळेच्या रेकॉर्डला पालक म्हणून कोणाचं नाव लागलंय ते आधी ऑफिसात बघून घ्या, ऐनवेळी त्यावरून वाद होतात. दोन मुलं एकाच शाळेत असतील तर दोन्ही इयत्तांत नाव टाकायचं का हे विचारून घ्या, माझ्या मते एकाच डब्यात टाकावं, दुसऱ्यांनाही संधी मिळते. संस्थाचालकांच्या घरातल्या कोणाचं मूल त्याच शाळेत असेल तर त्यांनी कमिटीपासून लांब राहावं असंही मला मनापासून वाटतं, फी मागणारा आणि फीवर मत देणारा एकाच घरातला कसा चालेल?

फॉर्म दिला की त्याचा फोटो काढा आणि ऑफिसकडून दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. हे का सांगतोय ते पुढे येतंय.

ड्रॉच्या दिवशी

सोडतीची सूचना एक आठवडा आधी द्यावी लागते. आदल्या रात्री दहा वाजता ग्रुपवर टाकलेला मेसेज ही सूचना नव्हे, निम्मे पालक शिफ्टला असतात, त्यांना सुट्टी कशी मिळणार.

माझी मुलगी पाचवीत होती तेव्हाची सोडत मी पहिल्या रांगेत बसून बघितली. स्टीलचा डबा, त्यात इयत्तेप्रमाणे चिठ्ठ्या, आणि काढायला सीनियर केजीतली एक छोटी. सगळं छान वाटत होतं. तेवढ्यात तिसरीतल्या एका मुलाची आई उठली आणि म्हणाली, मॅडम, काही चिठ्ठ्या जाड कागदाच्या आहेत आणि काही वहीच्या पानाच्या, हाताला लगेच कळतं. खरंच होतं ते, आणि घड्याही वेगवेगळ्या होत्या, कुठे दोन कुठे चार. मुख्याध्यापक मॅडमनी काही न बोलता सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा एकाच कागदावर करायला सांगितल्या, वीसेक मिनिटं गेली. मग यादीशी मोजून बघितल्या तर पाचवीच्या यादीत १४ नावं आणि डब्यात १३ चिठ्ठ्या. राहिलेलं नाव एका आईचं, तिने शेवटच्या दिवशी फॉर्म दिला होता आणि तो दुसऱ्या फाईलमध्ये पडला होता, तिच्याकडे शिक्क्याची प्रत होती म्हणून दोन मिनिटांत विषय मिटला. मुद्दाम कोणी केलं नव्हतं. तिचं नाव शेवटी निघालं नाहीच, पण तिची काही तक्रारही राहिली नाही.

तेव्हापासून आम्ही जे धरून चालतो ते सांगतो. इच्छुकांची इयत्तावार यादी आधी मोठ्याने वाचायची, कोणाचं राहिलं असेल तर तिथेच घ्यायचं. चिठ्ठ्या एकाच मापाच्या, एकाच पेनाने लिहिलेल्या, एकच घडी. डब्यात टाकताना मोजायच्या आणि दोन पालकांनी बघायच्या. चिठ्ठी निघाली की सगळ्यांना दाखवायची, आणि उरलेल्या चिठ्ठ्याही उघडून वाचायच्या, हे लोक हमखास विसरतात पण एकच नाव चार चिठ्ठ्यांवर नव्हतं ना हे कळायचा तोच एक मार्ग आहे. इतिवृत्त तिथेच लिहून हजर असलेल्यांच्या सह्या घ्यायच्या, "नंतर टाईप करून सही घेऊ" नको. ज्याचं नाव निघालं तो नाही म्हणाला तर दुसरी चिठ्ठी लगेच तिथेच काढायची, नंतर ऑफिसात बसून नाव भरायचं नाही.

समिती झाली की १५ दिवसांच्या आत नावांची यादी नोटीस बोर्डावर लागली पाहिजे आणि तिची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेली पाहिजे. बोर्डाचा फोटो काढून ठेवा. फीचा प्रस्ताव मॅनेजमेंटने पुढचं वर्ष सुरू व्हायच्या ६ महिने आधी ह्या समितीपुढे ठेवायचा असतो आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही, म्हणजे जुलैतल्या त्या चिठ्ठीचा परिणाम तुमच्या खिशावर दोन वर्षं राहतो.

झेडपी, मनपा आणि अनुदानित शाळांत

तिथे शाळा व्यवस्थापन समिती असते, ती शिक्षण हक्क कायदा २००९ खाली. किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांमधूनच आणि मुख्याध्यापक सचिव. दर दोन वर्षांनी पालकसभेतून नवी समिती निवडतात. इथे चिठ्ठीची सक्ती नाही, त्यामुळे हात वर करून निवड होते आणि गावात कोणासमोर हात वर करायचा नाही हे सगळ्यांना माहीत असतं. एका जागेला दोन नावं आली तर कोऱ्या कागदावर गुप्त मतदान मागा, खडूच्या रिकाम्या खोक्यातसुद्धा ते होतं.

काही चुकलंच तर

आधी मुख्याध्यापकांना लेखी द्या, सभेच्या तारखेसकट, नेमकं काय झालं तेवढंच, कोणावर आरोप नको. पोच घ्या. उत्तर आलं नाही तर त्याच पत्राची प्रत जोडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे. "आमची शाळा खाजगी आहे, माहिती अधिकार लागू नाही" असं सांगून यादी दाखवत नसतील तर अर्ज शाळेत करूच नका, यादीची प्रत शिक्षणाधिकारी कार्यालयात जाणं बंधनकारक आहे, तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात शाळेचं पूर्ण नाव, यू-डायस नंबर (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) आणि कुठल्या वर्षाची यादी हवीय ते लिहा, आणि यादी आलीच नसेल तर तसं लेखी कळवावं असंही एक वाक्य टाका. यादी आलेली नाही हे त्यांच्याच सहीने मिळालं की तक्रारीला दुसरा पुरावा शोधायला लागत नाही.