अमोल पालेकर : नटाच्या आधीचा दिग्दर्शक

अमोल पालेकरांची ओळख करून देताना एक वाक्य ठरलेलं असतं : आधी नट होते, मग दिग्दर्शनाकडे वळले. हिंदी सिनेमापुरतं ते खरं आहे. पण त्यांचं नाव दादर-गिरगावच्या बाहेर कुणाला माहीत नव्हतं, तेव्हापासूनचा हिशेब मांडला तर क्रम उलटा लागतो.

जन्म १९४४चा, मुंबईतला. शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, चित्रकलेचं. पोटापाण्याला बँक ऑफ इंडियातली नोकरी. नाटकात ते आले नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुबेंमुळे. तालमीला येऊन नुसत्या बसणाऱ्या या तरुणाला दुबेंनी उचललं आणि उभं केलं. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वर दुबेंनी १९७१ साली सिनेमा केला, त्यातही पालेकर होते. पुढच्याच वर्षी तेव्हाच्या पत्नी चित्रा पालेकरांसोबत त्यांनी ‘अनिकेत’ ही स्वतःची संस्था काढली आणि नाटकं बसवायला घेतली.

सदानंद रेगे यांचं ‘गोची’, बादल सरकारांचं ‘जुलूस’, महेश एलकुंचवारांचं ‘वासनाकांड’ ही त्या काळातली नावं. ‘जुलूस’मध्ये पडदा नाही, विंग नाहीत; नट प्रेक्षकांच्या मधूनच धावतात, ओरडतात, पडतात. ‘वासनाकांड’ला परिनिरीक्षण मंडळाने (नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाने) अडवलं, तेव्हा पालेकर कोर्टात गेले. नाटकाची संहिता आधी तपासून घेण्याच्या याच नियमाविरुद्ध त्यांनी २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात पुन्हा याचिका केली. मधे चार दशकं गेली, भांडण तेच राहिलं. म्हणजे ‘रजनीगंधा’ (१९७४) पडद्यावर आला, तोवर हा माणूस नाटकं बसवणारा म्हणून तयार झालेला होता.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. ‘छोटी सी बात’, ‘चितचोर’, ‘गोलमाल’. बसच्या रांगेत उभा राहणारा, मुलीशी बोलताना शब्द गिळणारा साधा माणूस. ‘गोलमाल’मध्ये तर मिशी लावली की एक भाऊ आणि काढली की दुसरा, त्यासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. पण याच वर्षांमधले दोन सिनेमे आपण त्या यादीत सहसा धरत नाही. अभिनेत्री हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रावर बेतलेल्या ‘भूमिका’त (१९७७) ते बायकोच्या कमाईवर जगणारा, वर तिच्यावर संशय घेणारा नवरा झाले. ‘घरौंदा’त, त्याच वर्षी, घर परवडत नाही म्हणून प्रेयसीलाच साहेबाशी लग्न करायला सुचवणारा तरुण. साहेबाला हृदयविकार आहे, फार दिवस काढणार नाही, मग पैसे आपलेच, हा त्याचा हिशेब. मला पालेकरांच्या दिग्दर्शनाची मुळं ‘चितचोर’पेक्षा या हिशेबात जास्त दिसतात.

कारण १९८१ साली पहिला सिनेमा स्वतः दिग्दर्शित करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी विषय निवडला मानवतच्या हत्याकांडाचा. परभणी जिल्ह्यातल्या या गावात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नरबळीच्या प्रकरणाने महाराष्ट्र हादरला होता. ‘आक्रीत’ची पटकथा तेंडुलकरांची. आणि या प्रकरणामागच्या गावातल्या बड्या माणसाची भूमिका पालेकरांनी स्वतःकडे घेतली. त्याच्या रखेलीची चित्रा पालेकरांनी. ‘गोलमाल’ला जेमतेम दोन वर्षं झाली होती. प्रेक्षकाला आवडलेला चेहरा घेऊन त्यालाच घाबरवायचं, याला धाडस म्हणावं की खोडी, हे ज्याचं त्याने ठरवावं.

‘अनकही’ (१९८५) चि. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कालाय तस्मै नमः’ या नाटकावरून केलेला. ज्योतिषी वडील भाकीत करतात की मुलाची पहिली बायको बाळंतपणात मरणार. मुलाचं जिच्यावर प्रेम आहे तिला वाचवायचं, म्हणून तो आधी दुसऱ्याच एका भोळ्या, मनाने खचलेल्या मुलीशी लग्न लावतो. ही मरेल, मग ती सुखात येईल. पुन्हा ‘घरौंदा’चाच हिशेब, फक्त बाजू उलटलेली. गंमत म्हणजे ‘घरौंदा’त ज्यांच्या मरणाची वाट पाहिली जाते ते श्रीराम लागू इथे भाकीत सांगणारे वडील आहेत. मुलगा अर्थात पालेकरच. (सिनेमा फारसा कुणी पाहिला नाही, पण भीमसेन जोशींना आणि संगीतकार जयदेवना त्याने राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिले.)

त्यानंतर नट जवळजवळ थांबला. ‘कच्ची धूप’ ही दूरदर्शन मालिका आली, मग नाना पाटेकरांना पाऊस पाडणारा भोंदू करून यमकातले संवाद बोलायला लावणारा ‘थोडासा रूमानी हो जायें’ (१९९०). मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा म्हणजे ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी सिनेमावाल्यांसाठी अवघडच. औंध संस्थानातली धनगरवस्ती, कोवळा मास्तर, मेंढरं, शेवटी दुष्काळ. कथानक म्हणून पकडायला गेलं तर हाताला फारसं लागत नाही. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा १९९५चा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. पुढे जी. ए. कुलकर्णींच्या कथेवर ‘कैरी’ आणि संततिनियमनासाठी आयुष्य झिजवलेल्या र. धों. कर्व्यांवर ‘ध्यासपर्व’. तेंडुलकर, खानोलकर, माडगूळकर, जी. ए. : एका दिग्दर्शकाच्या खात्यावर मराठी साहित्यातली इतकी नावं क्वचितच सापडतील.

‘पहेली’ (२००५) हा त्यांचा सगळ्यात मोठ्या पैशाचा सिनेमा, शाहरुख खानचा, राजस्थानी लेखक विजयदान देथांच्या कथेवरचा. भारतातर्फे ऑस्करला पाठवला गेला. रंग, कठपुतळ्या, गाणी, सगळं भरभरून. त्यातला एक प्रसंग मात्र मला खास पालेकरांचा वाटतो. लग्नाची पहिली रात्र. नवरी सजून बसली आहे, आणि नवरा खातेवही उघडून लग्नाच्या खर्चाची बेरीज करतोय. दुसऱ्या दिवशी पाच वर्षांसाठी व्यापाराला निघायचंय, म्हणून आज हिशेब मिटवायचा. तिच्या प्रेमात पडलेलं भूत नेमकं याच नवऱ्याचं रूप घेऊन येतं.

पंचाहत्तराव्या वाढदिवसाला, २०१९ साली, ते ‘कुसूर’ घेऊन रंगमंचावर परतले आणि पडद्यावरचा नटही पुन्हा दिसू लागला. २०२३च्या ‘फर्जी’ मालिकेत ते नायकाचे आजोबा आहेत : कुणी वाचत नसलेलं ‘क्रांती’ हे वृत्तपत्र कर्ज काढून छापत राहणारे. त्यांचा छापखाना वाचवायला नातू खोट्या नोटा छापायला घेतो.