जोड तुटतो तो टाक्याशेजारी

‘करंट वाढवा, जोड पक्का होतो’ हे वेल्डिंगमधलं अर्धसत्य आहे. करंट फार कमी असेल तर मूळ धातू वितळत नाही आणि रॉडचा धातू नुसता वर चिकटतो. पण ३.१५ मिमीच्या रॉडसाठी साधारण ९० ते १३० अँपिअरची मर्यादा ओलांडली, की टाक्याच्या, म्हणजे वितळून गोठलेल्या धातूच्या रेघेच्या, कडेला चर पडतो. तडा नेमका तिथून सुरू होतो.

मशीनवरचा आकडा मात्र अर्धीच गोष्ट सांगतो. २४ व्होल्ट, १२० अँपिअर आणि मिनिटाला १५० मिमी वेग असला, तर दर मिमीला सुमारे ११५० ज्यूल उष्णता निघते. त्यातला पाचवा भाग वाया जातो. हात निम्म्या वेगाने चालवला, की हीच उष्णता दुप्पट!

टाक्यालगतची काही मिमीची पट्टी वितळत नाही, पण लाल होऊन रचना बदलते. तिथल्या लोखंडाच्या स्फटिकांत कार्बन विरघळतो. मग ८०० वरून ५०० अंशांवर यायला किती सेकंद लागले, यावर सगळं ठरतं. वेळ अपुरा पडला तर कार्बन आतच अडकतो, स्फटिकांची जाळी ताणली जाते आणि मार्टेन्साइट तयार होतं: काचेसारखं कठीण, तितकंच ठिसूळ. विकर्स या मापावर कठीणपणा ३५०च्या वर गेला की सावध व्हावं. जाड प्लेटवर मारलेला छोटा टॅक (तात्पुरता टाका) सर्वांत धोक्याचा, कारण प्लेट त्याची उष्णता क्षणात ओढून घेते. याउलट उष्णता फार झाली तर स्फटिक जाडेभरडे होतात आणि जोड थंडीत आघात सोसत नाही.

त्यात रॉड दमट असला, तर आर्कमध्ये (रॉडच्या टोकाशी पेटलेल्या विजेच्या झोतात) पाण्याची वाफ फुटून हायड्रोजन धातूत शिरतो. तो त्या कठीण पट्टीत साचतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, टाक्याखाली तडा जातो. वरून टाका चकचकीतच दिसतो. म्हणूनच कठीण होणाऱ्या पोलादाचा जोड बऱ्याचदा ४८ तास थांबून तपासतात. ७०१८ हा कमी हायड्रोजनचा रॉड वापरण्याआधी ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजतात, तेही यासाठीच.

पोलादातल्या कार्बनच्या टक्क्यांत मँगनीजच्या टक्क्यांचा सहावा भाग मिळवून, ते किती कठीण होईल याचा ढोबळ अंदाज घेता येतो (मिश्रधातू असतील तर त्यांचीही भर पडते). बेरीज ०.४५ टक्क्यांच्या वर गेली, तर जाड प्लेट आधी तापवूनच टाका मारावा. गरम जोडावर पाणी ओतून तो ‘पक्का’ करणारे मात्र तेच मार्टेन्साइट आपल्या हाताने बनवत असतात.