कवळी लावल्यावर गिळताना चेहऱ्याचे स्नायू काय करतात?

नवी कवळी घेऊन गेलेले ग्राहक आठ-दहा दिवसांनी दाखवायला येतात, तेव्हा चावण्याइतकीच गिळण्याची तक्रार असते: घोट घेतला की खालची कवळी उचलते, ओठ ताणले जातात, हनुवटी अवघडते. यामागे कवळीतील दोष असू शकतो, तशीच स्नायूंची जुनी सवयही असू शकते. दोहोंतला फरक आपल्याला घरी ओळखता यावा, म्हणून हे माहितीपत्रक.

दिवसभरात आपण नुसती लाळच शेकडो वेळा गिळतो. दात शाबूत असले, की गिळताना ते क्षणभर हलकेच टेकतात, चावण्याचे स्नायू खालचा जबडा स्थिर धरतात आणि त्या आधारावर जीभ टाळूला टेकून घास मागे सारते. ओठ सहज मिटलेले राहतात आणि बाकीचा चेहरा शांत असतो. तान्ह्या बाळाची जीभ मात्र दोन हिरड्यांच्या मध्ये येते आणि ओठ-गालांचे स्नायू जोर लावतात. सगळे दात पडल्यावर बराच काळ कवळीवाचून काढलेल्या व्यक्तीचे गिळणेही पुष्कळदा याच वळणावर जाते, आणि नवी कवळी बसल्यावरही जीभ काही दिवस पुढेच रेटत राहते.

वरची कवळी टाळूभर टेकलेली असते आणि लाळेचा पातळ थर तिला धरून ठेवतो. खालच्या कवळीला जिभेसाठी जागा सोडावी लागते, त्यामुळे तिचा आधार तोकडा असतो. जीभ तिला बाहेर ढकलते, गाल आणि ओठ आत ढकलतात; हे दाब जिथे तुल्यबळ होतात, त्या पट्ट्यात दात बसवले तर तेच स्नायू कवळी सांभाळतात. ओठांच्या कोपऱ्याशी अनेक स्नायू एकत्र येऊन एक गाठ बनते, ती चिमटीत धरली तर बोटांना जाणवते. त्या जागेचे दात फार बाहेर आले, तर घोटागणिक ती गाठ कवळीला ढकलते. म्हणूनच माप घेताना आम्ही "ओठांचा चंबू करा, जीभ वर न्या, आता गिळा" असे पुन्हा पुन्हा सांगतो. त्या वेळी कृपया घाई करू नये.

घरी आरशासमोर बसून पाण्याचा लहान घोट ओठ हलके मिटून गिळावा. हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारख्या बारीक खळ्या पडल्या, तर तिथला स्नायू गरजेपेक्षा जास्त राबतो आहे. पहिले काही आठवडे हे स्वाभाविक आहे. जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला लावून, दात हलके टेकवून गिळण्याचा सराव करावा. सुरुवातीला मऊ भात किंवा वरणात कुस्करलेली पोळी बरी. मात्र ओठ मिटायलाच कष्ट पडत असतील आणि बोलताना दात आपटत असतील, तर कवळीची उंची बहुधा जास्त झाली आहे. हा दोष सरावाने जात नाही. उंची कमी पडली, तर ओठांचे कोपरे मुडपून तिथे लाळ साचते आणि चिरा पडतात. दोन्ही वेळा आमच्याकडे यावे. घरी कानस लावू नये.

टाळू झाकला गेल्याने माशाचा काटा जिभेला चटकन कळत नाही, म्हणून तो आधी बोटांनी काढावा.

तोंड अचानक एका बाजूला वाकडे झाले, एकाच कोपऱ्यातून लाळ गळू लागली किंवा पाणी पितानाही एकाएकी ठसका लागू लागला, तर कवळीला दोष देत आमची वाट पाहू नये. त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.